संन्याशाची नऊ पिल्लं

पुरुषत्वाचे रहस्य ब्रह्मांडाच्या मुळाशी दडलेले आहे आणि ते ज्याला उमगले त्याला काहीही अप्राप्य नाही, असे फुंकरबाबांनी संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात उभे राहून सांगितले. सांगताना त्यांच्या डोक्यावर निळी जाळीची टोपी होती आणि पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. बाहेरच्या माणसांमुळे उंदरांना रोग होतात, म्हणून या पोशाखाशिवाय आत कोणालाच सोडत नसत. बाबांमुळे होत नाहीत, असा अपवाद नियमात नव्हता. बाबांनी तोंडावरची पट्टी फुंकर मारण्यापुरती खाली ओढली, पिंजरा क्रमांक सतराच्या पाण्याच्या बाटलीत फुंकर मारली आणि पट्टी पुन्हा वर केली.

तो गुरुवार होता. त्यानंतर सतराव्या दिवशी, रविवारी, पिंजरा सतरामध्ये नऊ पिल्ले झाली. बुधवारपर्यंत संस्थेच्या फाटकाबाहेर रांग लागली.

रांगेत जोडपी होती, सासवा होत्या, आणि आपण दुसऱ्याच कुणासाठी आलो आहोत असे न विचारता सांगणारे पुरुष होते. प्रत्येकाच्या हातात बाटली. एकाने तर गाडीत पाणी घालायचा पाच लिटरचा डबाच आणला होता.

"उंदराला खरंच झाली?"

"नऊ."

"बाप रे. आम्हाला एक पुरे हो."

"मग तसं स्पष्ट सांगा. तिथे मोघम बोलून चालत नाही म्हणे."

चमत्कार मोठा होता, यात शंका नाही. पिंजरा सतरामधल्या नराला संस्थेत सगळे 'संन्यासी' म्हणत. नर उंदराला बापाकडून जे वाय गुणसूत्र मिळते, त्यावरची दोन सोडून बाकी सगळी जनुके संन्याशाकडे नव्हती. उरलेल्या दोनांपैकी एक गर्भाला नर बनवते, दुसरे शुक्रपेशी घडवायला सुरुवात करून देते. पण सुरुवातच. त्याच्या पेशी अर्ध्या वाटेवर गोल गोळ्यासारख्या थांबत, त्यांना शेपूट फुटत नसे. संस्थेतल्या मॅडमनी अशी गोल पेशी बारीक सुईने बीजात घालून संन्याशाला काचेच्या बशीत बाप केले होते. दोन जनुकांवरही एवढे जमते, हे दाखवण्यासाठीच तर त्याला घडवले होते. पण सुईशिवाय, आपला आपण, माद्यांसोबत सात महिने राहूनही त्याला एक पिल्लू झाले नव्हते. होणार नव्हते.

आणि आता नऊ.

"विज्ञान दमलं, तिथे फुंकर पोचली!" फाटकापाशी भांडारवाले ओरडत होते. संस्थेच्या भांडाराच्या किल्ल्या सांभाळणारे हे गृहस्थ बाबांचे पट्टशिष्य. बाबांना आत आणले ते त्यांनीच. संचालकसाहेबांनी परवानगी दिली, कारण त्यांची धरलेली पाठ बाबांच्या फुंकरीने सुटली होती. फुंकरीबरोबर तीन आठवडे सक्तीची विश्रांतीही होती, पण तिचा हिशोब कोणी धरला नाही.

बाबा खुर्चीवर बसून समजावत होते. "वाय म्हणजे काय? झाड. खाली बुंधा, वर दोन फांद्या. आता झाडाची फांदी वठली तर झाड डॉक्टरकडे जातं का? नाही ना? मग त्याला काय लागतं? वारा लागतो. वारा." आणि ते पुढच्या बाटलीत फुंकत.

या सगळ्या गर्दीत पिंजऱ्यांचे काम करणारी बाई मान खाली घालून आत शिरे आणि मान खाली घालून बाहेर पडे.

चौतीस वर्षांची ही बाई गेली बारा वर्षे उंदरांचे सगळे करत होती. सोमवारी भुसा बदलायचा, गुरुवारी बाटल्या, आणि तीन आठवड्यांची पिल्ले आईपासून तोडून नर एका पेटीत, माद्या दुसऱ्या पेटीत घालायच्या. संस्थेत तिला सगळे 'ताई' म्हणत. घरी सासूबाई काहीच म्हणत नसत, आणि ते जास्त लागत असे.

लग्नाला अकरा वर्षे झाली होती. घरात एक छोटी खोली होती, पिवळ्या रंगाची. तिचा रंग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिला होता. तेव्हापासून त्या खोलीचे दार ढकलून आत जायचा प्रसंगच येत नसे, आणि तरी तिन्ही माणसे त्या दारावरून जाताना आवाज न करता जात, जणू आत कोणी झोपले आहे.

कपाटात, तळाच्या कागदाखाली, एक रिपोर्ट होता. तो नवऱ्याचा होता. त्याच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासूनच नव्हता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले होते, की तुमच्या बाबतीत यावर औषध नाही, आणि यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. दुसरे वाक्य नवऱ्याला ऐकू आले नव्हते. "आईला कळायला नको," एवढेच तो जिन्यात म्हणाला. बायको 'बरं' म्हणाली. त्या एका 'बरं'मुळे सहा वर्षे नातेवाइकांची पथ्ये, काढे आणि उसासे तिच्या वाट्याला आले.

शेवटी दोघांनी दत्तकाचा अर्ज केला होता. दोन वर्षांनी, याच आठवड्यात, फोन आला. दीड वर्षाची मुलगी. फोटोत तिच्या एकाच पायात मोजा होता, दुसरा तिने हातात धरला होता. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर पाळी पुढच्या जोडप्याची.

बुधवारी संध्याकाळी नवरा कामावरून आला तो बाटली घेऊनच. तो कारखान्यात लेथवर टर्नर होता. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाची चूक त्याला बोटाने कळे.

"रांगेत दोन तास उभा होतो," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, चाळीस दिवस. आणि एक पथ्य."

"कसलं?"

"परक्याचं मूल घरात आलं की आपल्याला दार बंद."

ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

"अगं, तो उंदीर तर माझ्याहून वाईट. माझा एकच तुकडा नाही, त्याचं तर सगळंच नाही. त्याला झाली ना? तूच सांग, तुझ्याच पिंजऱ्यात झाली ना?"

"झाली."

"मग?"

त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. सहा वर्षांत तिने ती पाहिली नव्हती, आणि आता पाहवत नव्हती. कारण तिला एक आकडा टोचत होता. सतरा.

उंदराचे गर्भारपण एकोणीस ते एकवीस दिवसांचे. तिने उंदरांची शेकडो बाळंतपणे पाहिली होती. सतराव्या दिवशी पूर्ण वाढीची, गुटगुटीत नऊ पिल्ले कधी होत नाहीत. हे तिने भांडारवाल्यांना सांगितले तर ते म्हणाले, "अगं ताई, कृपेचं गर्भारपण ते! दोन दिवस वाचले." दुपारपर्यंत तो दुसरा चमत्कार म्हणून गावभर झाला.

गुरुवारी ती संन्याशाच्या खोलीत गेली. त्या खोलीतला दिवस उलटा असे. उंदीर रात्री जागतात, माणसे दिवसा काम करतात, म्हणून तिथे घड्याळाच्या यंत्रावर दुपारी बाराला दिवे जात आणि कृत्रिम रात्र सुरू होई. एक तांबडा दिवा तेवढा जळे. बाहेर रणरणते ऊन, आत तांबडा काळोख आणि चारशे जिवांची खसखस. बारा वर्षांत तिला कधी भीती वाटली नव्हती. या आठवड्यात मात्र पाठीमागे कोणीतरी उभे आहे असे सारखे वाटे. वळून पाहिले की कोणी नसे. एक लाल चिठ्ठी दिसे, आणि तीही खरी नसे.

चिठ्ठीचा प्रकार असा. संन्याशाच्या पिंजऱ्यात बाबांच्या समारंभासाठी दोन नव्या माद्या घातल्या होत्या. त्या चौतीस क्रमांकाच्या पेटीतल्या. त्या पेटीतली पिल्ले वेगळी करताना ताईचा हात चुकला होता. लहानपणी नर-मादीत फरक फक्त शेपटीखालच्या अंतराचा असतो, अर्ध्या तांदळाएवढा. माद्यांच्या पेटीत एक भाऊ राहून गेला. फुंकरीच्या आधीच्या सोमवारी, भुसा बदलताना, तो तिला सापडला. आता तो चांगला वयात आला होता. तिने त्याला वेगळा काढला आणि पेटीला लाल चिठ्ठी लावली: या माद्या वापरू नयेत.

लावली होती ना?

तिला आठवत होते. पण माद्या नेल्यावर तिने पाहिले, तेव्हा पेटीवर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्यांचे पुस्तकही खिळ्यावर नव्हते. 'संपलं होतं, नवं दिलंय,' भांडारवाले म्हणाले. तेव्हापासून ती रोज स्वतःला विचारत होती, की आपण चिठ्ठी लिहिली, की लिहायची म्हणून मनात लिहिली? बारा वर्षांचे हात खोटे बोलू लागले, तर माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

तिने पिंजरा सतरामध्ये डोकावले. मादी दाणे खायला गेली होती. नऊ पिल्ले कापसात गुलाबी गुंता होऊन पडली होती, आणि त्यांच्यावर, अंग पसरून, ऊब देत, संन्यासी बसला होता. पिल्ले आपली नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगून फरक पडला असता असेही दिसत नव्हते.

ताई बराच वेळ पाहत उभी राहिली. मग तशीच, हातमोज्यांसकट, मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम निवृत्तीला आलेल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर रजेवर होत्या, त्या आदल्याच दिवशी काठी टेकत परतल्या होत्या.

"मॅडम, माझी चूक झालीय. नोकरी जाईल अशी."

"बस आधी. पिल्लं सतराव्या दिवशी झाली हे कळलं तेव्हाच मला वाटलं, कुणाची तरी चूक झालीय."

ताईने सगळे सांगितले. भावाचे, चिठ्ठीचे, आणि चिठ्ठी लिहिल्याची खात्री उरली नाही, हेही.

"मोजू या," मॅडम म्हणाल्या. "भाऊ काढला सोमवारी सकाळी. रविवारी रात्रीपर्यंत तो बहिणींत होता. त्या रविवारपासून पिल्लं झाली त्या रविवारपर्यंत दिवस किती?"

"एकवीस."

"बोटांवर मोजलंस?"

"कॅलेंडरवर. चार वेळा."

मॅडम हसल्या. "म्हणजे पिल्लांचा बाप त्यांचा सख्खा मामा. आणि गावाला मामा बनवलं ते वेगळंच. पण ताई, नुसत्या दिवसांनी ही माणसं गप्प बसायची नाहीत. पाच नर पिल्लं आहेत ना? त्यांच्या शेपटीचं टोक घे. संन्याशाचंही घे, साहेबांच्या समोर."

"आणि चिठ्ठी?"

"नवं पुस्तक मिळालं, तर चिठ्ठीखाली ठेवायचा कार्बनही नवा मिळाला असेल."

ताई थबकली. "नाही मिळाला. भांडारवाले देतच नाहीत. एका कार्बनवर दोन पुस्तकं निघालीच पाहिजेत, असा त्यांचा नियम आहे. म्हणून चिठ्ठी लिहून झाली की मी कार्बन काढून माझ्या खणात जपून ठेवते. तोच नव्यात घातला."

मॅडमनी हात पुढे केला, ताईने तो आणून दिला. चिठ्ठी लिहिली त्याच आठवड्यात तो कार्बन नवा घातलेला होता. लाल चिठ्ठी क्वचितच लागते, म्हणून त्यावर फार काही उमटले नव्हते. मॅडमनी तो टेबलावरच्या दिव्यासमोर धरला. काळ्या कागदातून ताईचे अक्षर उजेड होऊन बाहेर आले: *पेटी ३४. माद्यांत नर सापडला, वेगळा केला. माद्या वापरू नयेत. सोमवार.*

ताईला रडू आले. आपण शुद्धीवर आहोत, हे एवढ्या स्पष्ट अक्षरात क्वचितच लिहून मिळते.

शुक्रवारी सकाळी दहाला मॅडमनी फाटकाजवळच्या व्हरांड्यात एक मोठा फोटो लावला. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा. बाबा खुर्चीवर होते, भांडारवाले शेजारी, संचालकसाहेब दोघांच्या मधोमध, कुठल्याही बाजूला सरकता येईल असे. रांगेत सातव्या क्रमांकावर ताईचा नवरा होता, पुन्हा बाटली घेऊन, आणि या वेळी सासूबाईही.

"एक रेघ म्हणजे वायवरचं एक जनुक," मॅडम म्हणाल्या. "आम्ही दहा तपासली. हा बाप. किती रेघा?"

"दोन," गर्दी म्हणाली.

"ही त्याची म्हणवली जाणारी पाच मुलं. मोजा."

"दहा. दहा. दहा..."

"मुलाला वाय फक्त बापाकडून मिळतं. आई देऊच शकत नाही, तिच्याकडे ते नसतंच. बापाच्या खिशात दोन नाणी. मुलाच्या हातात दहा. बाकीची आठ कुठून आली?"

"कृपेनं!" भांडारवाले म्हणाले. "फांदी पुन्हा फुटली!"

"फुटली असेल म्हणून बापाला काल पुन्हा तपासलं. साहेबांच्या समोर. दोनच आहेत."

साहेबांनी मान हलवली. पाठ दुखते की होकार देतात, हे समजेना.

"मग कृपा थेट पिल्लांवर झाली," भांडारवाले म्हणाले.

"असं? मग बापाच्या बाटलीत कशाला फुंकलंत?"

रांगेत कुणीतरी खुसखुसले. बाबांनी डोळे मिटले होते.

मग ताई पुढे झाली. तिने भाऊ राहून गेल्याची आपली चूक सांगितली, एकवीस दिवस सांगितले, आणि कार्बन उन्हाकडे धरला. पहिल्या चार-पाच जणांनी वाचून मागच्यांना सांगितले. लाल चिठ्ठी पाहून, पेटीतल्या माद्या गाभण असणार हे ओळखून, कोणीतरी ती चिठ्ठी काढली होती. मग नेमक्या त्याच माद्या समारंभासाठी दिल्या होत्या. पुस्तक गायब केले, पण दोन पैशांचा कार्बन वाचवायची सवय नडली. खोलीची किल्ली ताईखेरीज एकाच माणसाकडे होती.

भांडारवाल्यांचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "हिचं काय ऐकता? स्वतःला नाही, म्हणून उंदराचंही बघवत नाही."

ताईने खाली पाहिले. अकरा वर्षांचा सराव होता.

"रिपोर्ट माझा आहे."

रांगेतला सातवा माणूस बाजूला झाला होता. आवाज मोठा नव्हता. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला आपला आवाज किती लागतो ते कळत नाही. तो आज मुद्दाम हळू बोलला, आणि सगळ्यांना ऐकू गेला.

"तिच्यात काही नाही. माझ्यात एक तुकडा नाही. जन्मापासून. सहा वर्षं मला माहीत आहे, आणि सहा वर्षं ती माझ्या वाटचं ऐकून घेतेय." तो आईकडे वळला. "आई, बोल्टवर आटेच पाडलेले नसतील तर नट कितीही फुंकून बसत नाही. हे मला कळायला हवं होतं. माझाच धंदा आहे."

सासूबाईंनी लेकाच्या हातातली बाटली घेतली, झाकण काढले आणि व्हरांड्यातल्या कुंडीत रिकामी केली.

"झाडाला तरी लागेल," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, "तो दत्तकाचा फोन किती वाजेपर्यंत करायचाय?"

म्हणजे त्यांना तेही माहीत होते. त्या घरात भिंती पातळ होत्या.

"पाचपर्यंत."

"मग इथे काय उभे आहात दोघं?"

रांग लगेच मोडली नाही. डबा आणलेल्या माणसाने विचारले, "पण मॅडम, आमच्या ओळखीत एकाला झालं हो, बाबांचं पाणी घेऊन."

"होईल ना. शंभर जोडप्यांना नुसतं थांबा म्हटलं तरी वर्षाभरात काहींना आपोआप होतंच," मॅडम काठीवर भार टाकत म्हणाल्या. "ज्याला झालं तो पेढ्यांसारखा निरोप वाटत फिरतो. ज्याला झालं नाही तो घरी बसतो. तुम्हाला रांग दिसते, घरी बसलेले दिसत नाहीत. तेव्हा कुणी चमत्कार सांगितला की तीन गोष्टी विचारा. आधी काय होतं? मोजलं कुणी? आणि ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत? एवढं विचारायला माझ्यासारखी पदवी लागत नाही. ताईनं कॅलेंडर पाहून केलं. आणि मूल होत नसेल तर दोघांनी तपासून घ्या. दोघांनी. त्यात गुन्हा कुणाचाच नसतो."

बाबांना तोपर्यंत मौन लागले होते. ते मौनातच गाडीत बसले. पुढे ते दुसऱ्या गावी बंद पडलेल्या घड्याळांवर फुंकर मारतात असे कळले. घड्याळाला निदान सासू नसते.

भांडारवाल्यांची चौकशी झाली आणि किल्ल्या गेल्या. ताईला नर-मादी ओळखण्यातल्या चुकीबद्दल लेखी समज मिळाली. ती तिने सही करून घेतली, कारण चूक खरीच होती.

मुलगी पुढच्या महिन्यात घरी आली, दोन्ही मोजे हातात धरून. पिवळ्या खोलीच्या दारावरून आता सगळे धडाधड ये-जा करू लागले. एका रविवारी तिला मांडीवर घेऊन नवऱ्याने सहज विचारले, "एक सांग. ते फुंकरीचं पाणी त्या संन्याशाला कसं लागलं असेल गं? म्हणजे चवीला वगैरे?"

ताई मुलीच्या पायात मोजा चढवत होती. ती थांबली. इतक्या दिवसांत तिच्याही हे ध्यानात आले नव्हते.

"बाबा फुंकून गेले ते गुरुवारी, चार वाजायच्या बेताला," ती म्हणाली. "गुरुवारी चार वाजता मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतून नव्या लावते. ते पाणी त्यानं प्यालेलंच नाही."